लगमाण्णाचा टेंपो

टेंपोची मागची फळी काही केल्या लागेना. प्लेटा इतक्या भरल्या होत्या, की शेवटी भंगारवाल्या लगमाण्णानं फळी दोरीनं आवळली, दोरीला दोनदा हिसडा देऊन पाहिला आणि अप्पांकडे वळून म्हणाला, "उरलेल्या कवा न्हेऊ, मल्लाप्पा?"

अप्पा पायरीवर बसून तंबाखू मळत होते. टेंपो दारात आल्यापासून त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तळहातावर नजर ठेवूनच त्यांनी सांगतो म्हटलं, आणि टेंपो गेला. अंगणात निम्म्या प्लेटा राहिल्या. भिंतीला लावून उभ्या, प्रत्येकीच्या कडेला निळा पट्टा.

स्लॅब टाकायचा म्हणजे आधी त्याच्याखाली टेकूंवर लोखंडी प्लेटांची जमीन करावी लागते. तिच्यावर सळई बांधायची, काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की खालून प्लेटा काढून घ्यायच्या आणि पुढच्या कामावर न्यायच्या. याला सेंट्रिंग म्हणतात. गडहिंग्लज आणि आसपासच्या गावांत अप्पा हाच धंदा करत आले होते. मी कॉलेज सुटल्यापासून त्यांच्याबरोबर साइटवर जायची. आधी डबा घेऊन, मग माप घ्यायला, मग त्यांच्या जागी.

नंतर कोरोना आला. विजापूरकडच्या कामगारांच्या टोळ्या चालत गावी गेल्या. अर्धी घरं उघड्या सळयांनिशी पावसात उभी राहिली. मध्ये थोडं काम निघालं, तर दुसरी लाट आली. त्यातच लोखंडाचा भाव चढला, आणि भंगाराचाही. सेंट्रिंगवाल्यांनी पाहिलं, की प्लेट कामाला नेण्यापेक्षा भंगारात घातलेली बरी. कोल्हापूरपासून निपाणीपर्यंत हेच चाललं होतं.

अप्पांचं म्हणणं सरळ होतं. ज्या धंद्याला उद्या नाही, तो पोरीच्या गळ्यात बांधणार नाही. निपाणीच्या एका पतसंस्थेत मामानं माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. प्लेटा गेल्या, की मी काउंटरवर बसायचं. मला तिथं बसायचं नव्हतं. स्लॅब खोलताना पहिली प्लेट सुटते तेव्हा जो आवाज येतो, तो ऐकायची मला सवय लागली होती. पण हे कारण अप्पांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यात रणधीर देसाई घरी आले. संकेश्वर रस्त्यावर त्यांची मोकळी जागा होती आणि तिच्यात त्यांनी मंगल कार्यालयाचे कॉलम उभे करून ठेवले होते. हजार माणसांचा हॉल. सरकारनं लग्नाला माणसं मोजून बोलवायला सांगितली होती तेव्हा हा माणूस हजारांचा हॉल बांधत होता. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्याच्यावरून रोज हसणं व्हायचं. भटजी धरून पंचवीस माणसं, बाकीच्या खुर्च्यांवर काय देसाईंच्या म्हशी बसवणार काय, असं सिमेंटचा दुकानदार विचारायचा. पण हसणारे सगळे रोज जाताना त्या साइटकडे मान वळवून जायचे. देसाईंनी स्लॅब टाकला तर लग्नं परत येणार असं कुणाला तरी वाटतंय, म्हणजे घरंही परत बांधली जाणार. देसाईंनी हात आखडला तर आपणही दुकान आवरलेलं बरं. सिमेंट कंपनीचा एक माणूस टपरीवर मोबाइलमध्ये वर चढणारी रेघ दाखवून दिवाळीनंतर बाजार सावरणार म्हणून सांगत असे. त्याच्या रेघेपेक्षा लोकांचा देसाईंच्या कॉलमवर जास्त भरवसा होता.

देसाई चहा पिऊन म्हणाले, "मल्लाप्पा, दसरा झाला की स्लॅब. एका दिवसात अख्खा. मधे जोड नको मला."

अप्पांनी अंगणाकडे बोट केलं. "निम्म्या गेल्या साहेब. आता एवढ्याच."

"नदाफाकडंही निम्म्याच हाईत. त्याच्या बाकीच्या कुठल्या तरी बिल्डरच्या स्लॅबखाली अडकल्यात, अन् बिल्डर गायब. कोल्हापूरवाले भाड्यानं द्यायला तयार न्हाईत." देसाई उठले. "तुम्ही दोघं काय ते बघा. न्हाईतर मी पुढच्या वर्षी बघतो."

दोघांनी बघायचं, हे बोलणं गडहिंग्लजमध्ये फक्त देसाईच करू शकत होते. इस्माईल नदाफ आणि अप्पा वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दोघं एकाच माणसाच्या हाताखाली शिकलेले. येसबा मेस्त्री. एके काळी या गावातले सगळे स्लॅब येसबांच्या प्लेटांवर पडले. पुढं दोघांनी आपापला धंदा काढला. अप्पांचा पट्टा निळा, इस्माईलचाचांचा पिवळा. मग मी लहान असताना बाजार समितीच्या गोदामाचं काम निघालं. अर्धं अप्पांना मिळालं, अर्धं चाचांना. काम उरकल्यावर अप्पांच्या प्लेटा कमी भरल्या. अप्पा म्हणाले, नदाफानं नेल्या आणि वर पिवळा मारला. चाचा म्हणाले, माझ्याच कमी आहेत, मल्लाप्पानं नेल्या आणि वर निळा मारला. गावानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दोन्ही बाजूंना मान हलवली. तेव्हापासून दिवाळीच्या फुटबॉल सामन्यांना दोघं मैदानाच्या दोन टोकांना बसत. टपरीवर एकत्र गाठ पडलीच तर टपरीवाल्यामार्फत बोलत.

मी अप्पांना न सांगता चाचांच्या घरी गेले. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी सगळं सांगितलं. देसाईंचं, टेंपोचं, पतसंस्थेचंही. त्यांनी दाणे संपेपर्यंत ऐकलं.

"तुझ्या बापाला म्हाईत हाय का तू हितं आलीस ते?"

"न्हाई."

"मग त्याला सांग, माझ्या प्लेटा त्याच्या प्लेटांत मिसळायच्या न्हाईत. उगवतीकडची बाजू त्याची, मावळतीकडची माझी. अन् खोलताना मी स्वतः उभा ऱ्हाणार."

हा होकार होता. घरी येऊन मी अप्पांना तेच, फक्त बाजू उलट्या करून सांगितलं; कारण चाचांनी उगवतीची बाजू दिलीय म्हटल्यावर अप्पांनी मावळतीचीच मागितली असती. अप्पा म्हणाले, "मावळतीला का म्हणून? मी उगवतीकडं घेणार. त्याला सांग." आणि थोड्या वेळानं, "हे शेवटचं काम, लीला. देसाईंचा स्लॅब खोलला, की लगमाण्णाला टेंपो घेऊन थेट तिथंच बोलवायचं. मी त्याला तसा शब्द देणार हाय."

दिलाही. माझ्यासमोरच फोन केला. एक स्लॅब तरी मिळाला होता.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी अप्पांनी निळ्या रंगाचा नवा डबा आणला. जुने पट्टे फिके झाले होते आणि अप्पांना नदाफाचा भरवसा नव्हता. आम्ही दोघांनी दुपारभर बसून प्रत्येक प्लेटेच्या कडेला निळा मारला. प्लेटांना गॅरेजमधलं जळकं ऑइल लावलेलं असतं, काँक्रीट चिकटू नये म्हणून. कडा रॉकेलनं पुसून घ्यायला हव्या होत्या. अप्पांना घाई होती, फडक्यानं वरवर पुसून ते म्हणाले, चालतंय. दुसऱ्या दिवशी साइटवर चाचांचा टेंपो उतरला तेव्हा त्यांच्याही प्लेटांचे पट्टे हळदीसारखे ताजे दिसत होते. त्यांच्याखालूनही ऑइलची झाक मारत होती. दोघांनी एकमेकांचे पट्टे पाहिले आणि दोघांनी तोंड फिरवलं.

उगवत आणि मावळत ही वाटणी दोन दिवस टिकली. मधल्या तुळईपाशी अप्पांची मापं बसेनात, चाचांच्या लहान प्लेटा तिथं नेमक्या बसत होत्या. कडेला चाचांच्या कमी पडल्या, अप्पांच्या उरल्या. मी मधे उभी राहून निरोप देत होते.

"त्याला सांग, त्या कोपऱ्यातल्या चार हिकडं दे म्हणावं," अप्पा म्हणाले.

"त्याला सांग, देतो, पण परत मोजून घेणार."

"त्याला सांग, वीस वर्षांमागं मोजलं असतं तर बरं झालं असतं."

दोघांमधलं अंतर एका टेकूचं. शेवटी खालून वर पाहिलं तर निळा-पिवळा असा चौकटीचा पट मांडल्यासारखा दिसत होता, आणि तो कुणाचा आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. सेंट्रिंगचे कामगार हसत होते. त्यांतले काही चाचांचे होते, काही आमचे, आणि त्यांनी पहिल्याच दुपारी डबे एकत्र उघडले होते.

स्लॅबच्या दिवशी पहाटेच मिक्सर आला. विजापूरची टोळीही आली. दोन वर्षांनी आलेली ती माणसं उतरल्या उतरल्या कोण आहे कोण नाही, कुणाचं लग्न झालं, हे विचारत होती. येसबा मेस्त्रींना देसाईंनी गाडी पाठवून आणलं. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी तल्लख, गुडघ्यांनी बेजार. या भागात स्लॅबचा नारळ आणि खोलतानाचा शेवटचा टेकू सेंट्रिंगवाल्याच्या उस्तादाच्या हातचा, असा रिवाज आहे. आणि दोघांचाही उस्ताद एकच होता. येसबांनी नारळ फोडला, पाणी मिक्सरच्या तोंडावर शिंपडलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. देसाईंनी त्यांना विचारलं, मेस्त्री, बाजार सावरणार का हो? ते म्हणाले, नारळ तुम्ही आणलाय, मला काय विचारता.

काँक्रीट पडायला लागलं, की बाकीचे सगळे वर असतात. सेंट्रिंगवाला खाली असतो. वरून टनांनी ओझं येत असतं आणि कुठला टेकू दबतोय, कुठून पाणी गळतंय, ते खालूनच कळतं. त्या दिवशी खाली अप्पा होते, चाचा होते आणि मी होते. अंधार, वर घमेल्यांचा आणि पायांचा आवाज, फटींतून टपकणारं सिमेंटचं पाणी.

दुपारी जेवणं उरकून काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मधल्या तुळईजवळ एक टेकू हळूच खाली गेला. पावसाळ्यात भरावाचा मुरूम भिजून मऊ झाला होता, आणि टेकूखालची फळी त्यात रुतत होती. आवाज फारसा झाला नाही. लाकूड चुकचुकल्यासारखं झालं, बस्स. मी हाक मारायच्या आत दोघंही तिथं पोहोचले होते. चाचांनी बाजूला पडलेली दुसरी बल्ली उचलून प्लेटेखाली घातली आणि तिला खांदा लावला. अप्पांनी खाली जाड फळी सारली, पाचर धरली आणि हातोडा मारला. चाचांनी खांदा नेमका तेव्हाच सैल केला, तेव्हाच घट्ट केला. दुसरी पाचर अप्पांनी मागायच्या आधी चाचांनी पायानं त्यांच्याकडे सरकवली. मी वर जाऊन काँक्रीट थोडं थांबवा म्हणून सांगून परत आले, तोवर टेकू उभा होता आणि दोघं दोन बाजूंना घाम पुसत होते.

अप्पांना धाप लागली होती. ते म्हणाले, "त्याला सांग, टेकूखाली फळी जरा रुंद घालत जा म्हणावं."

"त्याला सांग," चाचा म्हणाले, "ती फळी त्याचीच हाय."

होतीही.

दिवस मावळायच्या आत स्लॅब पुरा झाला. जोड नाही. देसाईंनी सगळ्यांना मसालेभात आणि जिलेबी घातली. येसबा आज्जांनी जिलेबीचा एक वेढा खाल्ला, बाकीची फडक्यात बांधून घेतली आणि जाताना मला म्हणाले, "खोलायच्या दिवशी मला आठवणीनं बोलीव गं. माझं तिथं काम हाय." मला वाटलं, शेवटच्या टेकूबद्दल बोलतायत.

नंतरचे दिवस पाण्याचे. स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी धरायचं, आटलं की परत भरायचं. ते मीच करत होते. आणि त्या दिवसांत एक झालं. लोक बघायला यायला लागले. आधी रस्त्यावरून, मग आत. शिडीवरून वर चढून पाण्यात आपलं तोंड बघून उतरायचे. बड्याच्या वाडीचे एक गुरुजी आले. त्यांच्या घराच्या भिंती दोन वर्षं स्लॅबविना उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ह्या प्लेटा मोकळ्या कधी होतील? मी म्हटलं, विचारून सांगते. मग भडगावचा एक दूधवाला. मग नूलहून फोन. सगळ्यांना मी तेच सांगितलं, विचारून सांगते. घरी अप्पांना सांगायला तोंड उघडलं, की ते लगमाण्णाचा विषय काढायचे. तो रोज फोन करत होता. भंगाराचा भाव उतरायच्या आत द्या म्हणत होता.

खोलायच्या दिवशी सकाळी ऊन चांगलं होतं. येसबा आज्जांना मी स्वतः रिक्षातून आणलं आणि सावलीत खुर्ची दिली. बाहेरचे टेकू निघाले, प्लेटा सुटायला लागल्या. तो आवाज येत राहिला. खालून स्लॅब स्वच्छ, सपाट, करड्या रंगाचा दिसत होता. एक तडा नाही, एक पोकळी नाही. देसाई मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. शेवटच्या टेकूला येसबा आज्जांनी दोन्ही हातांनी हातोडा घातला. खरं तर टेकू अप्पांनी आधीच सैल करून ठेवला होता. टेकू पडला. स्लॅब जागेवर होता. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्लेटा वाटायचं काम निघालं.

प्लेटांच्या कडांवर सिमेंटचं पाणी उतरून घट्ट होतं. ते पत्र्याच्या तुकड्यानं खरवडल्याशिवाय पट्टा दिसत नाही. अप्पा एका ढिगापाशी बसले, चाचा दुसऱ्या. मी मधे. पहिलीच प्लेट अप्पांनी खरवडली, तर सिमेंटबरोबर ताजा रंग, खालच्या फिक्या थरासकट, साल निघाल्यासारखा निघून आला. ऑइलवर मारलेला रंग धरलाच नव्हता. पिवळी साल. आणि तिच्याखाली निळा.

अप्पांचा हात थांबला. त्यांनी प्लेट उन्हात धरली. मग मला दिली. त्यांचा आवाज शांत होता. वीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला घाई नसते.

"त्याला दाखीव. अन् सांग, एवढी वर्षं मी काय बोंबलत हुतो ते हे."

मी प्लेट घेऊन चाचांकडे गेले. चाचांनी ती पाहिली, खाली ठेवली आणि स्वतःच्या मांडीजवळची एक प्लेट माझ्या हातात दिली. "ही तुझ्या बापाकडं ने. काय सांगायचं न्हाई. नुसती ने."

तिच्यावर निळ्या सालीचा तुकडा लोंबत होता. खाली पिवळा.

अप्पांनी ती उलटी केली, सुलटी केली. पत्र्यानं आणखी जरा खरवडली. कदाचित पिवळ्याखाली काही वेगळं निघेल या आशेनं. निघालंही. पिवळ्याखाली तांबडा होता. जुना, गेरूसारखा, लोखंडात मुरलेला.

तिकडे चाचाही खरवडत होते. मी पाहत होते. निळ्याखालून तांबडा. दुसरी प्लेट, पिवळ्याखालून तांबडा. सगळ्यांखाली नाही, पण दोन्ही ढिगांत. कामगार हात थांबवून बघायला लागले.

दोघांनी एकाच वेळी मान वर केली आणि सावलीतल्या खुर्चीकडे पाहिलं. या गावात तांबडा पट्टा एकाच माणसाचा होता.

येसबा आज्जा बशीतून चहा पीत होते. त्यांनी तो संपवला, बशी कपावर ठेवली.

"सापडल्या म्हणायच्या," ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं, मला सांगितल्यासारखं. दोघं वेगळे निघाले तेव्हा दोघांकडे काही नव्हतं. दोघांना येसबांनी आपल्या थोड्या थोड्या प्लेटा दिल्या होत्या. काम झालं की आणून द्या म्हणून. आणून दिल्या नाहीत. पट्टे मारले. नवी पोरं आहेत, देतील कधी तरी, म्हणून त्यांनीही मागितल्या नाहीत.

"अन् मग तुमचं ते गोदामाचं भांडण लागलं," ते आता दोघांकडे बघून म्हणाले. "ह्यो म्हणतोय माझ्या न्हेल्या, त्यो म्हणतोय माझ्या. मी म्हटलं, हे मिटलं की ह्यांना माझ्या आठवतील. वाट बघत बसलो. मिटलंच न्हाई."

चाचांनी खाली बघून डोक्यावरची टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. अप्पा प्लेटेच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"आज्जा, मग त्या दिवशी काम हाय म्हणालात ते हेच?" मी विचारलं.

"ऑइलवर रंग मारल्याला बघितला की मी तवा," ते म्हणाले. "दोघांनाबी मीच शिकवलं हुतं, आधी रॉकेलनं पुसा. दोघंबी इसरले. म्हटलं, इसरू दे."

तेवढ्यात फाटकातून लगमाण्णाचा टेंपो आत आला. ठरल्याप्रमाणे. तो मागं मागं येत थेट ढिगांपाशी उभा राहिला. लगमाण्णा उतरला, फळी उघडली, वजनकाटा काढला. प्लेटांकडे पाहून तो गोंधळला. सगळ्यांच्या कडा खरवडून उघड्या झाल्या होत्या. कुठं निळा ठिपका, कुठं पिवळा, कुठं तांबडा.

"मल्लाप्पा, ह्यातल्या तुमच्या कुठल्या? भरायच्या कुठल्या?"

अप्पा शब्द फिरवणारे नव्हते. त्यांनी लगमाण्णाकडे पाहिलं, ढिगांकडे पाहिलं. मग ते वळले; माझ्याकडे नाही, चाचांकडे.

"काय सांगू रं ह्याला, इस्माईल?"

आवाज नेहमीचाच होता. पण वीस वर्षांनी तो मधे कुणाला न घालता गेला होता.

"मला काय इचारतोस? मालक बसलाय की तिथं."

लगमाण्णा खुर्चीकडे वळला. येसबा आज्जांनी त्याच्याकडे न बघता मला हाक मारली.

"लीला, ह्या मोकळ्या हाईत काय गं?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मला गप्प करत नव्हते.

"न्हाई आज्जा," मी म्हटलं. "परवा बड्याच्या वाडीला जायच्यात. गुरुजींचं घर."

"अन् तिथनं?"

"तिथनं भडगाव. मग नूलचा एक हाय. तो संक्रांतीच्या आधी पाहिजे म्हणतोय, पण दोघांच्या मिळूनच पुरतील."

"हे कवा ठरलं?" अप्पांनी विचारलं.

"ठरलं न्हाई. विचारून सांगते म्हटलंय. तुम्ही विचारू देईनासा."

चाचा हसले. तोंड खाली करून, खांदे हलवत. अप्पांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, पण तो राग फार वेळ टिकला नाही.

"ऐकलास?" येसबा आज्जा लगमाण्णाला म्हणाले. "मोकळ्या न्हाईत."

लगमाण्णा कुरकुरला. शब्द दिला होता, टेंपो एवढ्या लांबून आणला, डिझेल जाळलं, आता रिकामा न्यायचा का, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"रिकामा कशाला?" आज्जा म्हणाले. "आलाच हाईस, तर भर. बड्याच्या वाडीला सोड. भाडं हे दोघं देतील."

लगमाण्णानं डोकं खाजवलं. मग काटा परत आत टाकला आणि फळीवर हात आपटला, म्हणजे भरा.

त्या हॉलमध्ये आता लग्नसराईत तारीख मिळत नाही. देसाईंच्या म्हशींवरून हसणाऱ्या सिमेंटच्या दुकानदारानं आपल्या मुलीचं लग्न तिथंच लावलं आणि पंगतीत मला वर बोट करून विचारलं, हा तुझाच ना? मी म्हटलं, आमचा. आमच्या प्लेटांच्या कडा आता तांबड्या आहेत, रॉकेलनं पुसून मारलेल्या. येसबा आज्जा शेवटपर्यंत प्रत्येक स्लॅबचा नारळ फोडायला येत राहिले.

पण मला आठवतो तो टेंपो. कामगार प्लेटा द्यायला लागले, अप्पा वर चढून रचू लागले, चाचा खालून पुरवू लागले. चौथी की पाचवी प्लेट वर गेली असेल.

"आडवी न्हवं, उभी लाव," चाचा म्हणाले. "आडवी लावलीस तर वळणावर सरकतील."

"मला शिकवू नगस," अप्पा म्हणाले. "मी कवापास्नं भरतोय."

"कवापास्नं चुकीचं भरतोयस."

मी दोघांच्या मधे उभी होते, सवयीनं. कुणीच मला काही सांगायला सांगितलं नाही. मग मी बाजूला झाले आणि गुरुजींना फोन लावला.